गाडी पाणी खाते, पण थेंब कुठेच नाही: तापणाऱ्या इंजिनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी नऊ वर्षं वापरलेली, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, चार सिलिंडरची हॅचबॅक. रोजचं धावणं गावातलं, अधूनमधून घाटातून लांबचा प्रवास. मालकाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, यांत्रिक तपशील जसेच्या तसे ठेवले आहेत.

रेडिएटरच्या तोंडावर दाबाचं झाकण आणि शेजारी प्लॅस्टिकची रिझर्व्ह बाटली, अशी हिची रचना. झाकणावर १.१ हा आकडा, म्हणजे १.१ बार दाबापर्यंत ते धरून ठेवतं. पाणी आणि ग्लायकॉल निम्मंनिम्मं असलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. एवढ्या दाबाखाली तेच १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण, होज (कूलंटची रबरी नळी) किंवा एखादा सांधा दाब धरेनासा झाला की ही सवलत जाते. शिवाय कोणी नुसतं पाणी भरत राहिलं असेल तर उकळबिंदू आणखी खाली येतो.

आमच्या वर्कशॉपमध्ये येण्याआधी गाडी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. एकीकडे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बदलला होता. दुसरीकडे रेडिएटर धुऊन झाकण नवीन टाकलं होतं आणि वर ‘थर्मोस्टॅट काढूनच टाका’ असा सल्लाही दिला होता. मालकांनी तो ऐकला नाही, हे बरं झालं. थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य तापमानाला यायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, आणि गाडी तापायचं खरं कारण काही काळ झाकलं जातं. थंडीच्या दिवसांत ‘जमलं’ असं वाटतं आणि उन्हाळ्यात गाडी पुन्हा रस्त्याकडेला उभी राहते.

तक्रार

मालकांच्या शब्दांत तक्रार अशी: “काटा वर जातो, पाणी टाकलं की ठीक होतं, पुन्हा काही दिवसांनी तेच. गाडी पाणी खाते, पण खाली थेंब नाही.”

नीट विचारल्यावर आणखी तीन गोष्टी कळल्या. मालक नेहमी बाटलीतली पातळी बघत आणि ती जवळपास जागेवरच असे. पण काटा वर गेल्यावर गाडी थंड करून रेडिएटरचं झाकण उघडलं की रेडिएटर लिटर-दीड लिटर पाणी सहज घेई. दुसरं, हीटर कधी गरम हवा देई, कधी एकदम गार. तिसरी गोष्ट त्यांनी जरा संकोचून सांगितली: काटा लाल पट्ट्यात असताना, पुढे थांबायला बरी जागा मिळेपर्यंत, गाडी निदान दोनदा तशीच चालवली होती.

बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे ऐकायला विचित्र वाटतं. इंजिन तापलं की कूलंट फुगतं आणि जादाचं झाकणातून बाटलीत जातं. गार होताना आत पोकळी तयार होते आणि बाटलीतलं कूलंट परत ओढलं जातं. हे परत ओढणं होतं ते बाकी सगळं घट्ट बंद असेल तरच. कुठे बारीक चीर असेल, तर गार होताना इंजिन बाटलीतलं कूलंट ओढण्याऐवजी त्या चिरेतून हवा ओढतं. बाटली भरलेली राहते, आत हवा साठत जाते. गार हीटरचं कारणही तेच: हीटरच्या जाळीत कूलंटऐवजी हवा अडकलेली. म्हणजे मालकांच्या तीन वाक्यांतच निम्मं निदान होतं. आधीच्या दोन्ही ठिकाणी बाटलीबद्दल कोणी विचारलंच नव्हतं, असं ते म्हणाले.

काट्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर राहील असा बसवलेला असतो. आतलं तापमान ८० वरून १०० अंशांवर गेलं तरी तो हलत नाही. हलतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आणि कूलंट इतकं खाली गेलं की सेन्सर वाफेत उघडा पडतो, तेव्हा काटा उलट खालीही येऊ शकतो. काटा वर जाऊन अचानक खाली आला तर सुटकेचा नि:श्वास टाकायच्या आधी इंजिन बंद करावं.

पहिला निर्णय: आधी काय होतं, तापणं की गळणं?

‘गाडी तापते आणि कूलंट कमी होतं’ हे एका दमात सांगितलं जातं, पण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि कोणती आधीची हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेण्यात अर्थ नसतो. पंखा चालत नाही म्हणून गाडी तापते, उकळते आणि कूलंट बाहेर फेकते. इथे तापणं आधी. होज झिरपते, पातळी खाली जाते आणि म्हणून गाडी तापते; इथे गळणं आधी. आधीच्या दोन्ही दुरुस्त्या पहिली शक्यता गृहीत धरून झाल्या होत्या.

म्हणून काहीही न उघडता गार इंजिनात कूलंट पूर्ण भरलं, हवा काढली, बाटलीवर मार्करने रेघ मारली आणि स्कॅनर (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारं उपकरण) जोडून गाडी सपाट रस्त्यावर फिरवली. थर्मोस्टॅट ८४ अंशांच्या आसपास उघडताना दिसला, कारण रेडिएटरचा खालचा होज तेव्हाच गरम व्हायला लागला. उभ्या गाडीत ९८ अंशांवर पंखा लागला आणि ९३ वर बंद झाला. रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला तर कुठेही गार पट्टा मिळाला नाही. म्हणजे जाळी तुंबलेली नव्हती. कूलंट पुरेसं असताना गाडी तापत नव्हती. तेव्हा गळणं आधी, तापणं नंतर.

यात एक पळवाट राहून गेली. ही चाचणी सपाट रस्त्यावर झाली होती आणि गाडी तापल्याच्या बहुतेक वेळा चढावरच्या होत्या. त्याकडे पुढे येऊच.

गळती शोधताना

गार इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून १.१ बार दाब भरला. वीस मिनिटांत काटा ०.९ वर आला. खाली पुठ्ठा अंथरला होता, तो कोरडाच. वॉटर पंपाच्या झिरपभोकाखाली ओघळ नाही, होजच्या टोकांना ओल नाही, डॅशबोर्डखालचा गालिचा कोरडा, काचेवर चिकट धुकं नाही. म्हणजे पंप, होज आणि हीटरची जाळी हे नेहमीचे तिघंही सुटले.

कूलंट रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रवातलं ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं उपकरण) पाहिलं तेव्हा ग्लायकॉल जेमतेम वीस टक्के निघालं. इतके दिवस पाणीच ओतलं जात होतं, त्याचा हा परिणाम. याने उकळबिंदू उतरतो आणि गंज धरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मात्र यामुळे गळतीचा मागही पुसला जातो, हे सहसा लक्षात येत नाही. दाट कूलंट सुकलं की मागे रंगीत, चिकट खूण राहते. पातळ पाणी सुकलं की जवळपास काहीच उरत नाही.

शेवटी एअर फिल्टरचा डबा काढला, इंजिनाच्या पाठीमागे टॉर्च आणि आरसा घातला, आणि हेडच्या (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) टोकाला बसवलेल्या प्लॅस्टिकच्या आउटलेटच्या, म्हणजे कूलंट बाहेर नेणाऱ्या तोंडाच्या, जोडावर नखाएवढा पांढुरका थर दिसला. त्याच्या बरोबर खाली गिअरबॉक्सची पाठ, आणि तिच्यावर तसाच फिकट डाग. बोटाने खरवडल्यावर थर भुसभुशीत निघाला. पुन्हा दाब भरून आरसा तिथेच धरून ठेवला, तेव्हा जोडाच्या शिवणीतून टाचणीच्या टोकाएवढा थेंब फुगत फुगत आला आणि गिअरबॉक्सवर पडला. चालत्या गाडीत तो तिथल्या तिथे सुकत होता. जमिनीपर्यंत पोहोचायचा प्रश्नच नव्हता.

आउटलेट, त्याची रबरी सील आणि शेजारची दोन क्लॅम्प बदलली. नव्या कूलंटवर दाब भरला तर अर्ध्या तासात काटा तसूभर हलला नाही.

दुसरा निर्णय: आता थांबायचं का?

दोष सापडला होता, डोळ्यांनी दिसला होता, दुरुस्त झाला होता. पण ही गाडी लाल पट्ट्यात चालली होती आणि ॲल्युमिनियमच्या हेडला तेवढ्याने पीळ पडू शकतो. त्यामुळे हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलची, शंका तपासणं भागच होतं.

रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून त्यातून आतली हवा ओढून पाहिली. ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत असतील तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने हा द्रव हिरवट होत पिवळा पडतो. इंजिन उभ्या गाडीत चालू ठेवून चाचणी केली. द्रव निळाच राहिला. ऑइल स्वच्छ, ऑइलच्या झाकणाखाली साय नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. (ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला की गॅस्केट उडालं, असा सरसकट निकाल देऊ नये. फक्त जवळपास फिरणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही तो धरतो.)

गाडी परत दिली, पण दोन अटींवर: रेडिएटरचं झाकण आठवड्यातून एकदा, पहाटे, पूर्ण गार इंजिनावर उघडून बघायचं, आणि बाटलीवरच्या रेघेपासून पातळी कुठे आहे याची तारीख आणि किलोमीटरसकट नोंद ठेवायची. मालकांना हे अति वाटलं. तरीही त्यांनी ते केलं.

मधला पेच

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला तो खुशीचा होता. “मास्तर, आता कमी होत नाही. उलट बाटलीत वाढलंय.”

बाटलीत वाढलं ही चांगली बातमी नव्हती. गाडी घाटातून येऊन गेली होती. बाटली काठोकाठ भरली होती आणि झाकणाच्या बाजूने ओघळही होते. पहिल्या दोषात बाटली हलत नव्हती आणि रेडिएटर रिकामा होत होता. आता रेडिएटरमधलं कूलंट बाटलीत ढकललं जात होतं आणि गार झाल्यावर पूर्ण परत येत नव्हतं. म्हणजे आत कुणीतरी दाब भरत होतं. दोन दोषांमधला हा फरक बाटलीच सांगते, फक्त ती गार आणि गरम दोन्ही वेळा बघावी लागते.

मालकांचं म्हणणं स्वाभाविक होतं: “आधी हे होत नव्हतं. तुम्ही काम केल्यावर सुरू झालं.” यावर आमच्या मुख्य मेकॅनिकने दिलेलं स्पष्टीकरण मला पटतं. गॅस्केट बहुधा आधीच अधू झालं होतं. आउटलेटची चीर त्या वायूला चोरवाट देत होती, त्यामुळे दाब साठतच नव्हता. चीर बंद झाली, दाब धरायला लागला, आणि लपलेला दोष उघडा पडला. हे सिद्ध करता येत नाही, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. मालक त्यावर गप्प राहिले; पटलं की नाही ते कळलं नाही.

तिसरा निर्णय: हेड उतरवण्याआधी खात्री

हेड उतरवणं म्हणजे मोठं काम. संशयावर ते करू नये. पण दाबाची चाचणी परत केली तर कूलंट यंत्रणा १.१ बार दाब आरामात धरत होती, आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, जवळपास सारखं होतं. इथे बरेच जण ‘गॅस्केट ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात.

आकड्यांकडे बघितलं की गोम लक्षात येते. चढावर पूर्ण जोरात असताना सिलिंडरमधला दाब कित्येक दहा बारपर्यंत जातो. एवढा दाब गॅस्केटच्या कडीखालून केसाएवढी वाट काढून पाण्याच्या वाटेत शिरू शकतो. उलट दिशेने १.१ बारचा दाब तीच वाट उघडू शकत नाही. म्हणून गार इंजिन, उभी गाडी आणि हातपंप या तिन्हींनी हा दोष पकडता येत नाही.

मग गाडी चढावर नेली. वर पोहोचल्यावर रेडिएटरचं झाकण अर्थातच उघडलं नाही. तापलेलं झाकण उघडणं म्हणजे उकळतं कूलंट अंगावर घेणं. इंजिन चालू ठेवून फक्त बाटलीचं टोपण काढलं. बाटलीत बुडबुडे एकामागोमाग येत होते, थांबत नव्हते. निळ्या द्रवाची नळी आधी मोकळ्या हवेत तपासून घेतली, सायलेन्सरचा धूर तिकडे येत नाही ना हे पाहिलं, आणि मग ती बाटलीच्या तोंडावर धरली. द्रव हिरवा झाला, मग पिवळा.

कोणता सिलिंडर, हे पाहण्यासाठी वर्कशॉपमध्ये एकेक पिस्टन वरच्या टोकाला आणून स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली. तिसऱ्या सिलिंडरला हवा दिली तेव्हा रेडिएटरच्या उघड्या तोंडात बुडबुडे आले. बाकी तिघांना शांतता.

पर्याय

गळती बुजवणारं औषध: बाटलीभर ओतायचं आणि विसरायचं. बारीक पाझर ते खरंच काही काळ बुजवतं. पण ज्वलनाच्या दाबापुढे टिकायची शाश्वती नाही, आणि तोच गाळ हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. विकायला काढलेल्या गाडीत हे ओतणारे असतात. घेणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

नुसतं गॅस्केट बदलणं: काम लवकर होतं. पण हेडला पीळ असेल तर नवं गॅस्केटही त्याच जागी हार मानतं.

हेड उतरवून मोजणं, चिरांसाठी तपासणं, लागलं तर फेसिंग मारणं, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणं, आणि मग नवं गॅस्केट बसवणं.

वापरलेलं इंजिन टाकणं. त्याचा इतिहास कोणाला माहीत? आणि या इंजिनाचं कॉम्प्रेशन चांगलं होतं, तेव्हा हा पर्याय लगेच बाजूला पडला.

तोपर्यंत पाणी टाकत चालवणं हाही एक पर्याय मालकांनी विचारला. गावात हळू चालवली तर काही दिवस निघालेही असते. पण प्रत्येक तापणं हेडचा पीळ वाढवतं, म्हणजे आज फेसिंगवर भागणारं काम उद्या नव्या हेडवर जाऊ शकतं. तिसरा पर्याय ठरला.

कारवाई

हेड उतरवल्यावर गॅस्केटवर तिसऱ्या सिलिंडरच्या कडीपासून पाण्याच्या भोकापर्यंत काळसर पट्टा स्पष्ट होता. सरळपट्टी आणि फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पाती) हेड मोजलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ०.१२ मिलिमीटरची पात शिरत होती. या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ ची. ब्लॉकचा माथा मर्यादेत होता. तो वाकलेला असता आणि मोजायचा राहून गेला असता तर हेडचं फेसिंग निम्मंच कामी आलं असतं.

हेड मशीन शॉपला दिलं. तिथे आधी दाब देऊन चिरा तपासल्या, मग लागेल तेवढंच फेसिंग मारलं. गरजेपेक्षा जास्त घासलं की कॉम्प्रेशनचं गुणोत्तर बदलतं आणि टायमिंग चेनचा ताणही हलतो.

बोल्ट नवे घेतले. हे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, म्हणून एकदाच वापरायचे असतात. जुनेच परत बसवण्याचा मोह होतो, तो टाळावा. आवळणं मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, शेवटी ठरलेल्या अंशाने फिरवून.

कूलंट उत्पादकाने सांगितलेल्या प्रकाराचं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्मं. रंगावर जाऊन कूलंट निवडू नये. एकाच रंगाची दोन कूलंटं वेगळ्या रसायनांची असू शकतात आणि चुकीची जोडी गाळ धरते. हवा काढताना गाडीचं नाक उंच ठेवलं, हीटर पूर्ण गरमवर, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू, वरचा होज हाताने दाबत. जुनं कूलंट डब्यात भरून वेगळं ठेवलं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांच्या वाटेत सोडू नये.

निष्पत्ती

स्कॅनर लावून तोच चढ पुन्हा चढवला. तापमान ९० ते ९७ अंशांत राहिलं. बाटलीतली पातळी गरम असताना बोटभर वर गेली आणि सकाळी रेघेवर परत आली. बुडबुडे नव्हते, निळा द्रव निळाच राहिला. पुढच्या सर्व्हिसिंगला मालकांनी नोंदींचा कागद आणला. रेघ जागेवर होती. हीटरही आता एकसारखा गरम होता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा प्रश्न दुसऱ्या निर्णयावर आहे. गाडी लाल पट्ट्यात चालली होती हे माहीत असताना वायूची चाचणी फक्त उभ्या गाडीत झाली. चढावर नेऊन केली असती तर दोष कदाचित तेव्हाच पकडला असता आणि मालकांना दुसरी फेरी पडली नसती. वर्कशॉपमध्ये यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, दाब धरतोय आणि द्रव निळा आहे, एवढ्यावर पुढे शोधत बसणं म्हणजे गिऱ्हाइकाचा वेळ घालवणं. मी दुसऱ्या बाजूचा आहे: गाडी एकदा जरी लाल पट्ट्यात गेली असेल, तर चाचणी चढावर किंवा जोर देऊनच व्हावी. एरवी उभ्या गाडीतली पुरते.

हेड बाहेर असतानाच वॉटर पंप बदलावा का, यावरही बोलणं झालं. पंप झिरपत नव्हता, बेअरिंगला खेळ नव्हता, आणि या इंजिनात तो बाहेरून सहज निघतो, म्हणून तसाच ठेवला. जिथे पंप टायमिंग बेल्टच्या आड असतो, तिथे मी उलट सांगितलं असतं.

मालकांच्या बाजूने पाहिलं तर पहिल्यांदा काटा चढला तेव्हा एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावणं आणि तरीही काटा उतरला नाही तर जागच्या जागी इंजिन बंद करणं, एवढ्याने बहुधा काम आउटलेटवरच संपलं असतं. जागा गैरसोयीची असली तरी.

आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांत थर्मोस्टॅट आणि झाकण बदललं गेलं, पण किती किलोमीटरला किती कूलंट कमी झालं याची नोंद कुणाकडेच नव्हती. आता आमच्या जॉब कार्डवर तापण्याच्या तक्रारीसाठी दोन जास्तीच्या ओळी छापल्या आहेत: रेडिएटरमधली गार पातळी एक, बाटलीतली पातळी दुसरी. दोन्ही भरल्याशिवाय कार्ड पुढे जात नाही.